चौथी आलेली घोडी

पुण्याच्या रेसकोर्सवर फेव्हरिट हरला की तो मुद्दाम हरवलेला असतो, असं माझं ठाम मत होतं. एखाद्या स्टेबलचे घोडे ओळीनं चार-पाच रविवार जिंकले नाहीत की माझ्या लेखी त्याचा अर्थ एकच असे: ट्रेनर भाव वाढायची वाट बघतोय. घोडे मागे ठेवून त्यांच्यावरचं वजन उतरवून घेतोय. मग एखाद्या दुपारी त्यातला एक लांबच्या भावात मोकळा सोडेल, आणि तेव्हा आपल्या हातात दुसऱ्याच घोड्याचं तिकीट असेल. हे मत मी कधी लपवलं नाही. रविवारी शेवटची रेस संपल्यावर, चार लोकांत, आवाज चढवून मी ते मांडत आलो. गेल्या पावसाळी सीझननंतर मला तसं वाटेनासं झालं आहे. असं का झालं ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण माझ्यासारखं बोलणारी पुष्कळ माणसं पुण्यात आणि मुंबईत आहेत आणि त्यातली काही माझ्या जिवाभावाची आहेत.

पुण्याचा सीझन जुलैत सुरू होतो आणि ऑक्टोबर सरेपर्यंत चालतो. नोव्हेंबरात घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात आणि एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. म्हणजे वर्षातले जेमतेम चार महिने रेस आमच्या दारात असते. एरवी आम्ही पुण्याच्याच रेसकोर्सवर पडद्यावर मुंबईची रेस बघतो. रेस आटोपली की कॅम्पातल्या एका इराण्याकडे आमची बैठक बसते. त्यात निवृत्त पोस्टमास्तर आहेत, वानवडीचा एक गॅरेजवाला आहे, आम्ही सगळे ज्यांना अण्णा म्हणतो ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत, आणि त्यांचा पुतण्या, ज्याला घोड्यांपेक्षा इंग्लंडातल्या फुटबॉलची माहिती जास्त. क्रिकेट सगळ्यांचंच. चहा आणि बन-मस्का येईपर्यंत कसोटीचा स्कोअर निघतो, मग फुटबॉलची एखादी मॅच, आणि मग घोडे. घोडे निघाले की बाकी सगळं मागे पडतं.

गेल्या सीझनमध्ये आमच्या तोंडी सतत एकाच स्टेबलचं नाव होतं. ते इथे लिहीत नाही. आम्ही त्यांच्याबद्दल जे बोललो ते छापण्यासारखं नव्हतं आणि त्याला आधारही नव्हता. स्टेबल मध्यम, तीसएक घोड्यांचं. जुलैत सुरुवात झोकात झाली. रेसच्या पुस्तकात त्यांच्या ट्रेनरचं नाव दिसलं की लोक डोळे झाकून पैसे लावू लागले. ऑगस्ट उजाडला आणि सगळं आटलं. दुसरा नंबर, चौथा, सहावा, पुन्हा दुसरा, एकदा शेवटून पहिला. फेव्हरिट म्हणून उतरलेले घोडे शेवटच्या चारशे मीटरला येऊन थांबल्यासारखे वाटायचे. दर रविवारी आमच्या टेबलावर निकाल लागलेला असे. गॅरेजवाला म्हणे, "ओढला." पोस्टमास्तर मान हलवत. आणि ट्रेनरनं कुणासाठी, कोणत्या बुकीकरता, किती आठवड्यांनी घोडा सोडायचा ठरवलंय याची साखळी मी जुळवून देई. ती साखळी ऐकायला फार सुंदर वाटायची. प्रत्येक कडी पुढच्या कडीत बसत असे.

हा संशय हवेतून आलेला नव्हता, हेही सांगायला हवं. त्याचं मूळ रेसच्या रचनेतच आहे. डर्बीसारख्या क्लासिक रेसमध्ये सगळे नर घोडे ५७ किलो आणि घोड्या ५५.५ किलो घेऊन पळतात. तिथे सरळ सरस-निरस ठरतं. पण आपण एरवीच्या शनिवार-रविवारी बघतो त्या बहुतेक रेस हँडिकॅपच्या असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेलं असतं, आणि रेटिंगच्या एका पॉइंटला अर्धा किलो या हिशेबानं त्याच्या पाठीवरचं वजन ठरतं. चांगल्या घोड्यावर जास्त, कमी घोड्यावर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत. जॉकीचं स्वतःचं वजन कमी पडलं तर जिनाच्या कप्प्यात शिशाच्या पट्ट्या घालतात, आणि रेसनंतर जॉकीला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. घोडा जिंकला की हँडिकॅपर रेटिंग चढवतो, हरत राहिला की उतरवतो. म्हणजे जिंकण्याला दंड आहे आणि हरण्याला थोडी सवलत आहे. ही सवलत मिळवण्यासाठी कुणी मुद्दाम हरणार नाही का, हा प्रश्न खोटा नाही. जगात जिथे जिथे हँडिकॅप रेस होतात तिथे तो विचारला जातो, आणि त्यासाठीच स्ट्युअर्ड असतात, चौकशा होतात, जॉकीला बोलावून घोडा असा का पळवला याचं स्पष्टीकरण मागितलं जातं. शिक्षाही होतात.

तेव्हा संशयाला जागा होती. माझं मत बदललं ते संशयाला जागा नाही असं कळल्यामुळे नव्हे. एकाच घोडीच्या दोन रेस मी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तिथून ते बदलू लागलं.

त्याच स्टेबलात एका ओळखीच्या गृहस्थांचा एका घोडीत चौथा हिस्सा आहे. कुमाईत रंगाची, कपाळावर बारीक चांदणी, अंगानं लहानखुरी. जुलैत तिनं १४०० मीटरची क्लास फोरची (खालच्या रेटिंगच्या घोड्यांची) रेस दीड लेंग्थनं, म्हणजे दीड घोड्याच्या लांबीनं, जिंकली. पाठीवर वजन ५४ किलो. मी तिच्यावर पैसे लावले होते, त्यामुळे त्या दिवशी मला ट्रेनर हुशार वाटला आणि जॉकी शहाणा. ऑगस्टात ती पुन्हा १४०० मीटरलाच उतरली. फेव्हरिट होती. सरळ पट्टीत शिरताना तिसरी होती, पुढे जायला निघाली आणि अचानक जॉकी मागे झुकला. स्टँडमधून सगळ्यांनी बघितलं. त्याचे हात छातीशी आले, घोडीची मान वर झाली, आणि ती चौथी आली. स्टँडमध्ये जो गलका झाला त्यात माझा आवाज होता. संध्याकाळी इराण्याकडे या रेसवर चर्चासुद्धा झाली नाही. चर्चेला काही उरलंच नव्हतं.

त्या आठवड्यात हिस्सेदार गृहस्थांचा फोन आला. माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "एकदा सकाळी घोड्यांच्या वेळेला या. बघा, आणि मग काय म्हणायचं ते म्हणा."

पुण्याच्या रेसकोर्सवर सकाळी घोडे बघणं नवं नाही; फिरायला जाणाऱ्या कितीतरी लोकांना ते रोज दिसतात. पण ठाणावर उभं राहून बघणं निराळं. उजाडायच्या आत मोतद्दारांचा दिवस सुरू झालेला असतो. ट्रॅकवरून आलेला घोडा आधी चालवून थंड करायचा, मग धुवायचा, खरारा करायचा, खूर साफ करायचे, मग कुठे तोबरा आणि लसूणघास. आमची घोडी बाहेर उभी होती आणि मोतद्दार उकिडवा बसून तिच्या पुढच्या पायाच्या नळीवरून हाताची पालथी बाजू वरून खाली, वरून खाली फिरवत होता. बोटांची पेरं लावत नव्हता, पालथा हात. एक पाय झाला की दुसरा, आणि मग पुन्हा पहिला. मी विचारलं, "मामा, काय बघताय?"

"ऊन लागतंय का बघतोय साहेब. शीर धरायची असली की आधी ऊन लागती. डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतंय."

"आणि लागतंय?"

"न्हाई. चांगली हाय. रेसनंतर दोन दिवस जरा भरल्यावानी हुता पाय, थंड पाणी मारलं, पट्ट्या बांधल्या. आता साफ हाय."

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. रेस का गेली? तो उठला नाही, हातही थांबवला नाही. म्हणाला, "जिंकली तवा चोपन्न हुतं. आता साडेअठ्ठावन्न. लहान चणीची हाय ती. आनि वर म्होरला घोडा आत शिरला, तिला थांबावं लागलं. तरी चौथी आली. लई चांगली पळाली साहेब, त्या दिवशीपरीस चांगली."

'त्या दिवशीपेक्षा चांगली' हे शब्द घेऊन मी घरी आलो. वजनाचा हिशेब मला येत नव्हता असं नाही. तो आमच्या पिढीतल्या प्रत्येक रेसवाल्याला येतो. रेसच्या आदल्या रात्री पुस्तक उघडून, पेन्सिल घेऊन मी तो करतोच. रेस झाल्यावर, हरलेल्या घोड्यासाठी, मी तो कधी केला नव्हता.

तो असा आहे. मैलाच्या आसपासच्या रेसमध्ये एक किलो म्हणजे साधारण एक लेंग्थ, असं धरून चालतात. जुलैत ती ५४ किलोवर दीड लेंग्थनं जिंकली. हँडिकॅपरनं नऊ पॉइंट चढवले, म्हणजे साडेचार किलो. तेच बळ, तोच दम, तोच पळ घेऊन ती पुन्हा पळाली असती, तर दीड लेंग्थची आघाडी जाऊन ती साधारण तीन लेंग्थ मागे पडायला हवी होती. प्रत्यक्षात ती साडेतीन लेंग्थ मागे होती. उरली अर्धी लेंग्थ, आणि ती कुठे गेली ते समोरून घेतलेल्या चित्रणात दिसतं. मी ते नंतर पुन्हा पुन्हा बघितलं. आतल्या रेलजवळ तिच्यासाठी फट होती, पुढचा घोडा थकून आत कलला, फट बुजली. जॉकीनं हात मागे घेतले नसते तर तिचे पुढचे पाय पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचांवर गेले असते आणि साठएक किलोमीटरच्या वेगात दोन घोडे आणि दोन माणसं खाली आली असती. बाजूनं, स्टँडमधून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त मागे आलेले हात दिसतात.

आणि त्या एका अडथळ्याची किंमत आम्हाला वाटते त्याहून मोठी असते. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही. फक्त नाकानं घेतो. भरधाव सुटला की त्याचा श्वास त्याच्या उडीला बांधलेला असतो, एका उडीला एक श्वास, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास. उडी तुटली की श्वासाची लय तुटते, आणि ती परत बसेपर्यंत चार-सहा उड्या जातात. एक लेंग्थ म्हणजे वेळेत सेकंदाचा सहावा भाग. साडेतीन लेंग्थ म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. ओल्या ट्रॅकवर १४०० मीटर पळून येणाऱ्या घोडीच्या त्या अर्ध्या सेकंदावर आम्ही एका माणसाची नियत ठरवून टाकली होती.

तिथून मी मागे गेलो. जुनी पुस्तकं टाकायची सवय नाही, ती माळ्यावर होती. त्या स्टेबलचे ऑगस्ट-सप्टेंबरातले हरलेले घोडे एकेक करून काढले. बरेच जण नुकतेच जिंकून वजन चढलेले होते. चांगल्या जुलैची भरपाई ते ऑगस्टात करत होते. म्हणजे ट्रेनरच्या यशाचाच हा दुसरा भाग होता, आणि आम्ही त्याला लबाडी म्हणत होतो. एकाला नाकातून रक्त आलं होतं, आणि ते अधिकृतपणे जाहीरही झालं होतं. आम्ही ते वाचलं नव्हतं. दोघे १२०० मीटरवरून १६०० मीटरला पहिल्यांदा गेले होते. एका घोड्याला पावसानं भिजलेला ट्रॅक मानवत नाही हे त्याच्या आधीच्या सीझनवरूनही दिसत होतं. पुण्यात रेसच्या दिवशी ट्रॅक किती कठीण वा मऊ आहे याचं पेनेट्रोमीटरचं रीडिंग जाहीर होतं. ते आम्ही तिकीट काढण्याआधी बघतो, हरल्यावर विसरतो. काही रेस मात्र अशा निघाल्या की मला त्यांचं उत्तर सापडलं नाही. त्या मी तशाच सोडल्या आहेत. उत्तर न सापडणं हा माझ्या हाती लागलेला पुरावा नव्हे, एवढंच मला आता वाटतं.

मग पुतण्यानं एक आकडेमोड करून दिली, आणि तिनं मला घोडीइतकंच हलवलं. समजा एखाद्या स्टेबलचा सहापैकी एक घोडा जिंकतो. हे चांगलं स्टेबल झालं. अशा स्टेबलचे ओळीनं बारा घोडे निव्वळ योगायोगानं हरण्याची शक्यता किती? जवळजवळ नऊपैकी एक. आणि सीझनमध्ये शंभर वेळा घोडे उतरवणाऱ्या स्टेबलच्या वाट्याला असा कोरडा पट्टा एकदा तरी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा कितीतरी जास्त. जगभरात फेव्हरिटसुद्धा ढोबळमानानं तीनपैकी एकदाच जिंकतो. म्हणजे तीनपैकी दोनदा जे घडणारच आहे, त्यासाठी आम्ही दर रविवारी गुन्हेगार शोधत होतो.

हे सगळं मी टेबलावर मांडलं तेव्हा वातावरण चांगलंच तापलं. गॅरेजवाला म्हणाला, "म्हणजे रेसमध्ये सगळे साधू झाले?" मी असं म्हणत नाही आणि कधीच म्हणणार नाही. रेसमध्ये पैसा आहे, आणि जिथे पैसा आहे तिथे डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं लागतात. स्ट्युअर्डांनी चौकशी करावी, आणखी कडक करावी. जॉकीनं दिलेलं स्पष्टीकरण दोन तुटक इंग्रजी ओळींत संपू नये. ते मराठीत, सविस्तर, त्याच संध्याकाळी लोकांसमोर यावं. सरळ पट्टीचं समोरचं चित्रण प्रत्येक रेसचं, ज्याला हवं त्याला, लगेच बघायला मिळावं. तिकीट काढणाऱ्याचा तो हक्क आहे. कारण नसताना भाव झरझर वाढत गेला, आयत्या वेळी जॉकी बदलला आणि घोडा मागून हललाच नाही, असं दिसलं तर मी अजूनही उठून बोलेन. पण तेव्हा मी जे दिसलं ते बोलेन. निकालापासून उलटं चालत जाऊन आणि कड्या जुळवत माणसाच्या हेतूपर्यंत पोचणं मी सोडलं आहे.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ते माझ्यापुरतं राहिलं असतं, आणि कदाचित मी लिहिलंही नसतं. लिहायला लागलो ते अण्णांमुळे.

अण्णा आमच्यात सगळ्यात वडील. त्यांनी वसंत शिंदे, शामू चव्हाण, पेसी श्रॉफ या जॉकींना घोड्यावर बघितलंय, आणि ते बोलायला लागले की आम्ही गप्प बसतो. पेन्शनीतला जेवढा पैसा रेसवर जायला नको तेवढा त्यांचा गेला आहे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. दर रविवारी हरल्यावर ते एकच वाक्य म्हणत: आपला घोडा बरोबर होता, त्यांनी येऊ दिला नाही. आणि आम्ही सगळे, मी सर्वांत पुढे, हो म्हणत होतो. आम्हाला वाटे आपण वयस्कर माणसाला धीर देतोय. त्या "हो" चा परिणाम काय होत होता हे मला फार उशिरा दिसलं. निवड बरोबर होती आणि चोरी झाली, असं ज्याला पटलंय, तो पुढच्या शनिवारी तीच निवड, तेवढ्याच भरवशानं, थोडे जास्त पैसे लावून करतो. झालेला तोटा हा आपल्या अंदाजाचा तोटा आहे असं तो कधी मोजतच नाही. आमच्या संशयानं ट्रेनरचं काही बिघडवलं नाही, बुकीचं तर नाहीच. त्यानं फक्त अण्णांचा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास शाबूत ठेवला, आणि त्या विश्वासाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून भरत राहिले.

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यांचा घोडा पाचवा आला. त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी म्हणालो, "अण्णा, साठ किलो होते त्याच्यावर. आणि ट्रॅक ओला. आपला अंदाज चुकला." टेबलावर कुणी बोलेना. अण्णांनी चहा संपवला आणि बऱ्याच वेळानं पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "दाखव कसा." आम्ही दोघांनी इराण्यानं दिवे मालवायला घेईपर्यंत तो घोडा आधीच्या रेसपासून ओळीनं लावून काढला. त्यानंतर अण्णांनी रेस सोडली असं झालं नाही. पण प्रत्येक रेसला तिकीट काढणं त्यांनी सोडलं आहे. दुपारभरात एखादं काढतात, कधी तेही नाही.

रेसला कौशल्याचा खेळ म्हणायचं की नशिबाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि १९९६ साली न्यायालयानं तो कौशल्याचा खेळ ठरवला. आमच्या टेबलावर त्या निकालाचा फार अभिमान. कौशल्य असेल तर ते आमच्याकडे कमी पडू शकतं, हा त्या निकालाचा दुसरा अर्धा भाग. तोही मला आता तितकाच मोलाचा वाटतो.

क्रिकेटबद्दल बोलतानाही आमची हीच तऱ्हा झाली होती. त्याला कारणंही होती. २००० साली हॅन्सी क्रोनिएचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण निघालं, २०१३ साली आयपीएलचं. ज्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्या पदरी तेव्हा जे आलं, त्याची जखम अजून ओली आहे. पण त्यानंतर जन्मलेली पोरंही शेवटच्या षटकात झेल सुटला की पहिला शब्द 'फिक्स' काढतात. त्यांनी ते आमच्याकडूनच उचललंय. संध्याकाळचं दव पडलेला चेंडू ओल्या हातातून निसटतो, हे सांगायला बसणारं माणूस त्यांना टेबलावर मिळालं नाही.

आणि रेसमध्येच उलट बाजूला हेही आहे. स्क्वांडरर हा घोडा १९ वेळा पळाला आणि १८ वेळा जिंकला. इल्युझिव्ह पिंपरनेल २३ वेळा पळाला, २२ वेळा जिंकला. या दोन्ही घोड्यांचं नाव निघालं की अण्णांचे डोळे लकाकतात. दोघेही एकेकदाच हरले, आणि त्या हरण्यात कुणी दगा केला असं मी अण्णांच्या तोंडून आजवर ऐकलेलं नाही. त्या घोड्यांना हरायची मुभा आहे. कारण अण्णा त्यांच्याकडे तिकिटाच्या मागून बघत नाहीत. घोडा म्हणून बघतात. ही नजर आमच्याकडे होती, आजही आहे. रविवारच्या साध्या क्लास फोरच्या घोडीलाही ती मिळावी, इतकंच माझं म्हणणं.

त्या स्टेबलचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचे घोडे पुन्हा जिंकू लागले. गॅरेजवाल्याच्या मते आता भाव मिळाला म्हणून सोडले. मी पुस्तक काढून दाखवलं की त्यातले निम्मे घोडे कमी भावाचे फेव्हरिटच होते. त्याला पटलं नाही, आणि त्याचं म्हणणं पुढच्या सीझनमध्ये पुन्हा तपासायचं असं आमचं ठरलंय. त्यासाठी एक नवी रीत सुरू केली आहे: ज्याला एखाद्या घोड्याबद्दल काही म्हणायचंय त्यानं ते रेसच्या आधी, कारणासकट, वहीत लिहायचं. निकाल लागल्यावर वही उघडायची. वही पोस्टमास्तरांकडे असते. त्यांचं अक्षर सगळ्यांना वाचता येतं.

मुंबईच्या सीझनसाठी पहिली नोंद माझी आहे. कुमाईत घोडी, महालक्ष्मी, १६०० मीटर. हँडिकॅपरनं दोन पॉइंट उतरवलेत, म्हणजे एक किलो. मोतद्दाराचं म्हणणं तिला मैल जास्त मानवेल, हिस्सेदार म्हणतात बाराशे बरे. मी मोतद्दाराच्या बाजूनं आहे, कारण चौथी येतानाही ती शेवटच्या शंभर मीटरला मागच्यांना सोडून पुढे येत होती. ५७ किलोंच्या आत वजन, कोरडा ट्रॅक आणि आतला ड्रॉ (सुरुवातीची आतल्या रेलजवळची जागा) मिळाला तर पहिल्या तिघांत येईल. साडेसत्तावन्नच्या वर गेली, किंवा बाहेरून पळावं लागलं, तर येणार नाही. खाली गॅरेजवाल्यानं त्याचं मत लिहिलंय, एकाच शब्दात. अण्णांनी मात्र वही हातात घेऊन आधी मला विचारलं, "तिचा बाप किती मीटरचा होता रे?"